तो सदरा कुणाचा

आमच्या छापखान्यात बाबांचा एक नियम होता. निवडणुकीच्या पत्रकाखाली मुद्रक-प्रकाशकाचं नाव नसेल, तर ते मशीनवर चढायचं नाही. खामगावात निवडणुकीच्या दिवसांत रात्री दहानंतर शटर अर्धं ओढलं की माणसं यायची. खिशातून चौघडी केलेला कागद काढायची आणि निघता निघता सहज आठवल्यासारखं म्हणायची, "भाऊ, खाली नाव नका टाकू हं." बाबा चष्मा कपाळावर सरकवून मजकूर वाचत, कागद पुन्हा घडी करून त्यांच्या हातात ठेवत. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ त्यांना तोंडपाठ होतं, पण कायदा ते कधी सांगत बसले नाहीत. म्हणायचे, "नाव नाही पायजे तं भिताडावर कोळशानं लिव्ह ना बाप्पा. माहे खिळे कायले झिजवतं?" खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं.

ट्रेडल मशीन भंगारात जाऊन बरीच वर्षं झाली. मला मात्र कोणताही छापील कागद खालून वर वाचायची खोड लागली ती लागलीच.

गेल्या पावसाळ्यात याच खोडीनं मी दीडशे वर्षांपूर्वीचे अमेरिकेतले प्रचाराचे कागद वाचत बसले होते. तिथवर पोचले ती जोतीराव फुल्यांमुळे. 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका आपल्याकडे पुष्कळांना माहीत असते. अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनी काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी जे केलं, त्याबद्दल जोतीरावांनी ते पुस्तक त्यांना नजर केलं, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या बाबतीत तो कित्ता गिरवावा अशी इच्छा धरली. पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेखाली तारीख आहे १ जून १८७३. (खालून वाचायची खोड.) मला एवढंच पाहायचं होतं, की त्या उन्हाळ्यात त्या सदाचारी लोकांच्या घरी काय चाललं होतं.

काय चाललं होतं, तर सात आठवड्यांपूर्वी, १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावच्या कचेरीला आग लावली गेली होती. आत आसऱ्याला होते ते कालपरवापर्यंत गुलाम असलेले लोक. निवडणूक कोण जिंकलं यावरून वाद होता आणि आपण निवडून दिलेल्या सरकारची कचेरी ते राखत होते. बाहेर गोऱ्यांची सशस्त्र टोळी, सोबत एक तोफ. शरण आलेल्यांनाही रात्री रांगेनं नेऊन गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा आकडा आजही एक नाही. कुणी साठ म्हणतं, कुणी दीडशे. पुण्याहून अभिनंदनाचं पत्र निघालं तेव्हा त्या घरी सुतक होतं.

यात जोतीरावांची चूक काढायची नाही. त्यांनी मान दिला तो गुलामगिरी मोडणाऱ्यांना, आणि ती त्यांनी खरोखर मोडली होती. पण १८६५ साली यादवी युद्ध संपलं आणि गुलामांची सुटका झाली, इथे आपलं शाळेतलं पुस्तक थांबतं. पुढच्या बारा वर्षांचं पान आपण उलटतच नाही. त्या युद्धानं आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपताच मुंबईचा शेअरबाजार कोसळला, हे माझ्या आजोबांच्या पिढीला ऐकून माहीत होतं. अमेरिकेत कापूस वेचणाऱ्याचं पुढे काय झालं, हे आमच्या कापसाच्या गावात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं.

युद्धानंतर दक्षिणेतल्या काळ्या पुरुषांना मताचा अधिकार मिळाला. त्यांचं मत रिपब्लिकन पक्षाला, म्हणजे लिंकनच्या पक्षाला, जायचं. जिथे ते बहुसंख्य होते तिथल्या जुन्या मालकांना ते मत थांबवायचं होतं. टेनेसीतल्या पुलास्की गावात हरलेल्या फौजेतल्या काही तरुणांनी सुरू केलेली कू क्लक्स क्लॅन ही टोळी या कामाला फार सोयीची पडली. तोंडावर बुरखा, अंगावर झगा, वेळ रात्रीची. सकाळी हीच माणसं गावात दुकानं उघडायची.

१८६८ ची अध्यक्षपदाची निवडणूक या दहशतीत झाली. एका बाजूला रिपब्लिकन पक्षाचे जनरल ग्रँट, दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅटिक पक्षाचे होरेशियो सेमूर. सेमूर यांचा प्रचार लपूनछपून नव्हता. 'हा गोऱ्यांचा देश आहे, राज्य गोऱ्यांनीच करावं' ही घोषणा कोरलेले बिल्ले त्या निवडणुकीत वाटले गेले. उपाध्यक्षपदाचे उमेदवार फ्रँक ब्लेअर यांनी तर पत्र लिहून सांगितलं, की नव्या अध्यक्षानं दक्षिणेतली ही नवी सरकारं लष्कराकरवी उखडून टाकावीत. ते पत्र सगळ्यांत जास्त वेळा कुणी छापलं असेल, तर त्यांच्या विरोधकांनी. उमेदवाराच्याच सहीचं पत्र हातात असताना वेगळा प्रचार लिहायला कोण बसेल?

पण मला खिळवून ठेवलं ते एका चित्रानं.

अलाबामात टस्कलूसा नावाचं गाव आहे. तिथल्या 'इंडिपेंडंट मॉनिटर' या वर्तमानपत्राचा संपादक रायलंड रँडॉल्फ हाच त्या भागातल्या क्लॅनचा म्होरक्या. १ सप्टेंबर १८६८ च्या अंकात त्यानं लाकडावर कोरलेलं एक चित्र छापलं. झाडाच्या फांदीला दोन माणसं लटकताहेत. खालून एक गाढव निघून चाललंय, त्याच्या अंगावर तीन अक्षरं: के. के. के. लटकलेल्यांपैकी एकाच्या हातात पिशवी आहे आणि तिच्यावर लिहिलंय 'ओहायो'. सतरंजीच्या जाड कापडाची पिशवी घेऊन उत्तरेतून आलेल्यांना दक्षिणेतले गोरे 'कार्पेटबॅगर' म्हणून हिणवत, त्याची ही खूण. खालच्या मजकुराचा अर्थ असा, की येत्या ४ मार्चला, म्हणजे नवा अध्यक्ष शपथ घेईल त्या दिवशी, उजाडल्यानंतर असली माणसं आमच्या मुलखात दिसली तर त्यांचं हे असं होईल.

चित्रातली माणसं काल्पनिक नव्हती. एक ओहायोहून आलेला पाद्री होता, विद्यापीठाचा अध्यक्ष म्हणून नुकताच नेमलेला. दुसरा राज्याचा शिक्षणाधिकारी.

मी छापखान्यातली मुलगी, त्यामुळे आधी मला तो ठसा दिसला. जाड, खडबडीत, गाढवाचे पाय चुकलेले. घाईत कोरलेला, स्वस्तातला. आमच्याकडे ब्लॉक अकोल्याहून करून यायचे, जस्ताचे, खाली लाकडी ठोकळा. ब्लॉकमेकरचं बिल पाहून बाबा दर वेळी तेच म्हणायचे, की चित्र टाकलं की शब्द वाचतंय कोण? टस्कलूसाच्या गाढवानं ते खरं केलं. ते चित्र ओहायोत पोचलं. तिथे सिनसिनाटीच्या एका रिपब्लिकन वर्तमानपत्रानं ते जसंच्या तसं पुन्हा छापलं आणि त्याच्या लाखो प्रती प्रचारासाठी वाटल्या. वेगळं भाष्य करायची गरजच नव्हती. ओहायोतल्या मतदाराला फक्त ती पिशवी दाखवायची, की बघ, तुझ्या राज्याचं नाव आहे. अलाबामातले डेमोक्रॅट पुढारी मग रँडॉल्फवरच चिडले. फासावर लटकवण्याच्या भाषेला त्यांची हरकत असावी असं दिसत नाही. ती छापली, हा त्यांच्या लेखी गुन्हा.

रँडॉल्फ मात्र बाबांच्या नियमात बसतो. त्याच्या कागदावर नाव होतं.

त्याच महिन्याच्या अखेरीला लुइझियानातल्या ओपेलूसास गावात काय झालं ते वाचताना मी मध्येच उठून चहा केला, आणि तो प्यायची राहिले. ओहायोहून आलेला जेमतेम अठरा वर्षांचा एक गोरा मुलगा तिथे काळ्या मुलांच्या शाळेत शिकवायचा आणि रिपब्लिकन पक्षाच्या छोट्या वर्तमानपत्राचा संपादकही होता. त्यानं काहीतरी लिहिलं म्हणून तीन गोरे शाळेत शिरले आणि मुलांसमोर त्याला छडीनं झोडपलं. मास्तरला मारून टाकलं अशी आवई उठली, आसपासचे काळे गावाकडे यायला लागले, आणि त्याचं निमित्त करून पुढे कित्येक दिवस माणसं टिपली गेली. वर्तमानपत्राचा छापखाना फोडला. किती मेले? रिपब्लिकन म्हणाले दोनशे ते तीनशे. डेमोक्रॅट म्हणाले पंचवीस-तीस. प्रेतं मोजायचीही पक्षांनी, आपापल्या पत्रकापुरती.

एक आकडा मात्र दोन्ही बाजूंना मान्य होता. त्या परगण्यात वसंतातल्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला बहुमत होतं. नोव्हेंबरात ग्रँटना तिथे पडलेली मतं: शून्य.

तरी ग्रँट देशभरात जिंकले, सुमारे तीन लाखांच्या आघाडीनं. त्यांना मिळालेली काळ्यांची मतं पाच लाखांच्या घरात धरली जातात. म्हणजे ही आघाडी जीव मुठीत धरून केलेल्या मतांवर उभी होती.

याच निवडणुकीत 'हार्पर्स वीकली'साठी टॉमस नास्ट चित्रं काढत होता. त्याचं ५ सप्टेंबर १८६८ चं चित्र पाहिलं की टस्कलूसाचं गाढव बालवाडीतलं वाटतं. तीन गोरे हातात हात मिळवून उभे आहेत: न्यूयॉर्कच्या गल्लीतला सोटा घेतलेला आयरिश, खंजीर उगारलेला माजी बंडखोर सेनापती फॉरेस्ट, आणि पैशाचं पाकीट नाचवणारा धनिक. तिघांचे पाय एका काळ्या सैनिकाच्या पाठीवर. तो पालथा पडलाय, अंगावर देशाचा गणवेश, आणि पसरलेला हात मतपेटीकडे, थोडासा कमी पडणारा. मागे जळतंय काळ्या मुलांचं अनाथालय, १८६३ च्या दंगलीत न्यूयॉर्कमध्ये खरोखर जाळलेलं. असं चित्र कठीण लाकडाच्या छोट्या ठोकळ्यांवर भागाभागानं कोरायचं आणि ठोकळे बोल्टांनी एकमेकांना आवळायचे. आठवड्याला एक अंक. त्या कारागिरांपुढे मी मनातल्या मनात हात जोडले.

नास्टला डोक्यावर घ्यायलाही मी तयार नाही. त्याचा आयरिश माणूस नेहमी माकडतोंड्या असायचा. मार्च १८७४ मध्ये त्यानंच काळ्या आमदारांना विधानसभेत भांडणारे विदूषक म्हणून काढलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, बुरखेधारी आणि 'व्हाइट लीग' या गोऱ्यांच्या सशस्त्र संघटनेतला माणूस हात मिळवताहेत आणि त्यांच्याखाली एक काळं जोडपं मेलेल्या बाळाला कवटाळून बसलंय, असं अंगावर येणारं चित्र काढलं. प्रचाराच्या चित्रात माणूस केव्हा माणूस असतो आणि केव्हा नुसतं चिन्ह, हे त्या त्या वर्षी पक्षाला काय हवं यावर ठरत होतं.

आता १८७१. ग्रँट सरकारनं क्लॅनविरोधी कायदा केला, काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, संयुक्त समिती नेमली, आणि समितीनं दक्षिणेत जाऊन साक्षी घेतल्या. त्या साक्षींचे तेरा खंड १८७२ मध्ये छापून निघाले. बाबांनी ते पाहिले असते तर आधी कागदाचा हिशोब मांडला असता. मी त्यातला फक्त दक्षिण कॅरोलायनाचा भाग वाचायला घेतला, आणि तोही सलग वाचवला नाही.

त्यात इलायस हिल यांची साक्ष आहे. यॉर्क काउंटीत राहणारे बाप्टिस्ट उपदेशक. सातव्या वर्षापासून अपंग, हातपाय काटकुळे झालेले, स्वतःच्या हातानं घासही घेता येत नसे. बापानं स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं, मग बायकोचं घेतलं, तेव्हा मालकानं हे लुळं पोर तिच्याबरोबर गळ्यात मारलं. तेवढंच एक ओझं कमी. शाळेत जाणाऱ्या गोऱ्या मुलांकडून ते वाचायला शिकले. पुढे आसपासच्या लोकांची पत्रं तेच लिहून द्यायचे, मुलांना शिकवायचे. मे १८७१ मध्ये बुरखेधारी आले. आधी शेजारच्या घरात भावाच्या बायकोला मारलं, मग यांना उचलून अंगणात आपटलं, चाबकानं मारलं, गळ्याभोवती पट्टा आवळला. आमच्यासाठी प्रार्थना कर म्हणाले.

आणि अटी घातल्या. प्रवचन बंद. चार्ल्सटनहून येणारं रिपब्लिकन वर्तमानपत्र बंद. आणि इथल्या वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, की मी रिपब्लिकन पक्ष सोडला.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मारायला आलेली टोळी त्याच्या वर्तमानपत्राच्या वर्गणीचं बोलते, हे मी दोनदा वाचलं. त्यांना छापील कागदाची किंमत बरोबर कळत होती.

१८७२ च्या निवडणुकीत अशा साक्षींमधले उतारे रिपब्लिकन पक्षानं पत्रकांत आणि पुस्तिकांत छापले. खासदारांना तेव्हा टपाल फुकट होतं, त्यामुळे भाषणं, अहवालातले उतारे गठ्ठ्यांनी घरोघर गेले. विरोधात होते होरेस ग्रीली, स्वतः नामांकित संपादक. रक्तानं भरलेल्या दरीवरून हात मिळवू या, असं ते म्हणाले. नास्टनं तेच शब्द उचलून त्यांना आठवडेच्या आठवडे थडग्यांवरून हात पुढे करताना दाखवलं. समितीतल्या डेमोक्रॅट सदस्यांनी वेगळा अहवाल लिहिला होता, त्याचा सूर असा, की हे सगळं फुगवलेलं आहे, आणि जे थोडंफार झालं त्याला कार्पेटबॅगरांचा गैरकारभार जबाबदार. ग्रँट पुन्हा जिंकले. पुढच्याच वर्षी क्लॅनच्या कैद्यांना माफी मिळू लागली. ज्यांच्या पाठीचे वळ पुस्तिकांत छापले होते, त्यांच्याकडे पुढच्या निवडणुकीपर्यंत काही काम नव्हतं.

इलायस हिल तोवर तिथे नव्हतेच. १८७१ संपायच्या आत ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन आफ्रिकेत लायबेरियाला निघून गेले आणि दुसऱ्याच वर्षी तिथे वारले.

इथे तो सदरा येतो. अमेरिकन इंग्रजीत 'रक्ताळलेला सदरा फडकवणं' असा वाक्प्रचार आहे. अर्थ असा, की जुन्या जखमा उकरून लोकांच्या भावना भडकवणं, मतं मागणं. आपण 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं' म्हणतो, त्याच्या जवळपासचा. यामागची कथा अशी सांगतात, की मॅसॅच्युसेट्सचे खासदार बेंजामिन बटलर यांनी १८७१ मध्ये भर सभागृहात एक रक्तानं माखलेला सदरा फडकवला. अभ्यासकांनी शोधलं तर भाषण सापडतं, सदरा सापडत नाही. बटलर बोलले होते, सदरा फडकल्याची नोंद कुठेच नाही.

सुखी माणसाचा सदरा शोधायला राजानं माणसं धाडली, ती गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. या सदऱ्याचा माणूस शोधायला कुणी गेलं नाही, आणि तो तर होता. ॲलन हगिन्स नाव. मिशिगनहून मिसिसिपीत आलेला, मनरो काउंटीतल्या शाळांचा अधीक्षक. काळ्या मुलांच्या शाळांसाठी कर लावला जातो, हा त्याचा अपराध. मार्च १८७१ मधल्या एका रात्री त्याला घराबाहेर काढून पंचाहत्तर फटके मारले आणि दहा दिवसांत मुलूख सोड म्हणून बजावलं. त्यानं समितीपुढे साक्ष दिली. ती छापलेली आहे. नसलेला सदरा भाषेत राहिला, आणि ज्याची पाठ फुटली तो माणूस त्या वाक्प्रचारातून केव्हाच गळून गेला. मारणाऱ्याला नाव नाही ठेवलं, मार दाखवणाऱ्याला ठेवलं.

१८७६ मध्ये दक्षिण कॅरोलायनात गव्हर्नरपदाचे डेमोक्रॅट उमेदवार वेड हॅम्प्टन यांच्या प्रचारात गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्या घोड्यांवरून लाल सदरे घालून फिरल्या. उत्तरेच्या त्या 'रक्ताळलेल्या सदऱ्या'ची टवाळी म्हणून हा रंग निवडला असं सांगतात. त्याच जुलैत हॅम्बर्ग गावात सहा काळ्यांचा बळी गेला होता. कोलफॅक्सच्या खटल्यात मोजक्यांना दोषी धरलं होतं, तीही शिक्षा सर्वोच्च न्यायालयात त्याच वर्षी पुसली गेली. १८७७ च्या वसंतात नव्या अध्यक्षानं दक्षिणेतल्या विधानभवनांच्या राखणीचं सैन्य काढून घेतलं.

जिंकणाऱ्यांनी मग पत्रकं काढली नाहीत, पाट्या लावल्या. कोलफॅक्समध्ये राज्य सरकारनं १९५० च्या सुमारास धातूची पाटी उभारली: इथे दंगल झाली, तीन गोरे आणि दीडशे निग्रो मारले गेले, आणि त्यानं दक्षिणेतला कार्पेटबॅगी गैरकारभार संपला. १८७२ च्या प्रचारातला शब्द, ओतीव अक्षरांत. ती पाटी २०२१ च्या मे महिन्यात काढली.

मला या सगळ्यात राहून राहून एकच बारीकशी गोष्ट आठवते, आणि ती पत्रकांतली नाही. यॉर्कव्हिलच्या वर्तमानपत्रात १८७१ मध्ये तसल्या जाहिराती खरोखरच छापून आल्या. दोन-चार ओळींच्या. मी अमुक, आजपासून रिपब्लिकन पक्षाशी माझा काही संबंध नाही. मजकूर बहुतेक एकाच वळणाचा. जोडाऱ्यानं एका जाहिरातीचे खिळे तसेच ठेवून फक्त नाव बदललं असतं तरी चाललं असतं, आमच्याकडे लग्नपत्रिकांत करायचे तसं.

त्यांच्या खाली नाव आहे. अंकावर मुद्रकाचं नाव आहे, तारीख आहे. कोणतं कलम लावलं तरी सगळं नियमाला धरून. बाबा असते तर तो अंक मी त्यांच्या हातात दिला असता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, माझ्यासारखाच, आधी खालून वाचला असता.